शाळा किती लांब? पाणी कुणाचं?

जूनमधल्या एखाद्या सकाळी सात वाजता पुण्याच्या वाघोलीतल्या कुठल्याही मोठ्या सोसायटीच्या गेटपाशी जरा वेळ उभं राहावं. डोळे अर्धवट मिटलेली पहिली-दुसरीतली पोरं, त्यांच्या हातात साखर-तुपाची गुंडाळलेली पोळी, बाटली वरच राहिली म्हणून लिफ्टकडे पळणारा बाबा. स्कूलबस वळून येते तोच मागून पाण्याचा टँकर हॉर्न वाजवत गेटात शिरू पाहतो. वॉचमन आधी टँकरला वाट करून देतो. बस थांबते. बसमधल्या ताई घड्याळाकडे बघतात.

फ्लॅट बुक करताना हातात दिलेल्या रंगीत पुस्तिकेत जलतरण तलाव असतो, क्लब हाऊस असतं, ‘नामांकित शाळा अवघ्या दहा मिनिटांवर’ असंही छापलेलं असतं. ती दहा मिनिटं बहुधा रविवारी दुपारी मोजलेली असतात. बस किती वाजता येते आणि नळाला येणारं पाणी कुणाचं, या दोन गोष्टी मात्र पुस्तिकेत सापडत नाहीत. लहान मुलं असलेल्या घराचा पुढच्या दहा वर्षांचा दिनक्रम याच दोन गोष्टी ठरवतात.

आपल्याकडे क्रम उलटा असतो. आधी बजेट, मग आई-बाबांपैकी एकाचं ऑफिस, मग घर आणि सगळ्यात शेवटी ‘बघू, शाळा काय मिळेलच’. पुण्यात एकाची नोकरी हिंजवडीला, दुसऱ्याची खराडीला, म्हणजे शहराच्या दोन टोकांना. मधला बिंदू काढायला गेलं तर तिथलं घर परवडत नाही. मग कुणीतरी एक जण रोज प्रवास करणार हे मान्यच करावं लागतं. तो प्रवास सहा वर्षांच्या मुलाच्या वाट्याला येऊ नये, एवढं मात्र ठरवता येतं. मोठ्या माणसाला मेट्रोत उभं राहून मोबाइल बघता येतो. बसमध्ये झोपलेल्या पोराला मात्र शाळेपाशी उठवावं लागतं.

‘शेजारची शाळा’ ही कल्पना खरं तर कायद्यातच आहे. २००९चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याखालच्या महाराष्ट्राच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीच्या मुलाला शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीच्या मुलाला तीन किलोमीटरच्या आत मिळायला हवी. खासगी विनाअनुदानित शाळांतल्या पंचवीस टक्के राखीव, मोफत जागांच्या ऑनलाइन सोडतीतही घर नकाशावर दाखवावं लागतं आणि घर-शाळा अंतराला महत्त्व असतं. पत्त्याचा पुरावा म्हणून नोंदणी केलेला भाडेकरार चालतो. वंचित गटातल्या मुलांना इथे उत्पन्नाची अट नाही. आर्थिक दुर्बल गटासाठी वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत लागतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळांना या जागांतून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैमध्ये तो बदल रद्द केला आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला. घर बदलताना नव्या पत्त्याभोवती कोणत्या शाळा येतात, हे म्हणून अनेकांसाठी थेट पैशाचं गणित आहे.

अंतराचा दुसरा अर्थ झोप. मुलांची झोप पुरी होत नाही, ही तक्रार तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी जाहीरपणे मांडली. त्यानंतर फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावेत, असा निर्णय काढला. शाळांनी लगेच बसच्या फेऱ्यांची, दोन सत्रांची अडचण पुढे केली. त्यामुळे निर्णय कागदावर काय म्हणतो यापेक्षा, मनात असलेली शाळा प्रत्यक्षात किती वाजता भरते आणि आपल्या थांब्यावर बस किती वाजता येते, हे विचारलेलं बरं. विचारायचं ते ऑफिसात नव्हे, बसच्या काकांना. शेवटचा थांबा आपला असेल, तर चार किलोमीटरला पाऊण तास लागतो हे तेच सांगतात. राज्यात स्कूलबससाठी २०११ पासून वेगळे नियम आहेत, त्यांत प्रत्येक शाळेत परिवहन समिती असावी असं म्हटलंय. ही समिती शेवटची कधी बसली होती, हा प्रश्न प्रवेशाच्या टेबलावर जरूर टाकावा. उत्तरापेक्षा समोरच्याचा चेहरा जास्त सांगून जातो.

आता पाणी. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये अकरा गावं आली, २०२१ मध्ये आणखी तेवीस. वाघोली या दुसऱ्या खेपेतली. गाव पालिकेत आलं म्हणजे पालिकेचं पाणी घरात आलं, असं होत नाही. जलवाहिनी, टाकी, शुद्धीकरण या गोष्टींना वर्षं लागतात आणि तोवर टँकर असतो. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्यालगतच्या किरकटवाडी, नांदेड, धायरी भागात गिया-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले, तेव्हा संशयाची सुई पहिल्यांदा पाण्याकडेच वळली होती. पोर लहान असेल तर ‘पाणी चोवीस तास आहे’ या उत्तरावर समाधान मानू नये. नळाचं किती, बोअरचं किती, टँकरचं किती आणि उन्हाळ्यातल्या देखभाल खर्चात टँकरचे किती, एवढं विचारावं. बिल्डरच्या माणसापेक्षा तळमजल्यावरचा किराणावाला हे नीट सांगतो. पाण्याचे मोठे जार कुणाकडे किती जातात, हे त्याला तोंडपाठ असतं.

पाणी कमी पडतं तसं जास्तही होतं. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासला धरणातून सोडलेलं पाणी आणि तुफान पाऊस एकत्र आले आणि सिंहगड रस्त्यावरची एकतानगरी पाण्यात गेली. नदी किंवा ओढ्याच्या बाजूचं घर बघताना निळी आणि लाल पूररेषा कुठून जाते, हे बघायलाच हवं. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. ‘रिव्हर व्ह्यू’ हे शब्द जाहिरातीत दिसले, की ही चौकशी पहिली करावी.

जाहिरातीतल्या ‘प्रस्तावित शाळे’चंही तसंच. विकास आराखड्यात एखाद्या भूखंडावर शाळेचं किंवा मैदानाचं आरक्षण असतं. आरक्षण म्हणजे फक्त नकाशावरचा रंग. जागा ताब्यात येऊन, इमारत उभी राहून, शिक्षक नेमले जाईपर्यंत आज नर्सरीत जाणारं मूल मिसरूड फुटायच्या वयात येतं. प्रकल्पाचा मंजूर आराखडा महारेरा या गृहप्रकल्पांच्या नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर बघता येतो. तो अर्धा तास खर्ची घालून वाचावा, कारण नवं घर हे बहुतेक कुटुंबांचं आयुष्यातलं सगळ्यात मोठं कर्ज असतं.

शाळा खरी आहे का, हेही तपासावं लागतं. शिक्षण विभाग दरवर्षी अनधिकृत शाळांच्या याद्या काढतो आणि दरवर्षी त्यांत नवी नावं असतात. प्रत्येक मान्य शाळेला अकरा अंकी यू-डायस क्रमांक असतो. महाराष्ट्रातल्या शाळेचा २७ ने सुरू होतो, पुढचे दोन अंक जिल्ह्याचे, पुणे असेल तर २५. हा क्रमांक विचारायला लाजू नये. ‘आमची संलग्नता प्रक्रियेत आहे’ हे वाक्य कानावर पडलं, की चहा संपवून उठावं. लहान मुलाची प्रवेशासाठी मुलाखत घेणं आणि देणगी मागणं, दोन्ही कायद्याने बंद आहे. फीबद्दल २०११चा राज्याचा कायदा सांगतो, की पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवून ठरलेली फी दोन शैक्षणिक वर्षं बदलत नाही. हे ठाऊक असलेल्या पालकांशी शाळा वेगळ्या सुरात बोलते.

मंडळ कुठलं, यावर मात्र घराघरांत गरजेपेक्षा जास्त वाद होतो. चौथीपर्यंतच्या मुलाला राज्य मंडळ की सीबीएसई याने फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो वर्गात किती मुलं आहेत आणि बाईंचा आवाज कसा आहे याने. मराठी तर २०२०च्या कायद्याने सगळ्याच मंडळांच्या शाळांत शिकवायची आहे. माध्यमाचा प्रश्न खरा आहे. मराठी माध्यम हवं असेल, तर सेनापती बापट रस्त्यावरच्या अक्षरनंदनसारख्या प्रयोगशील शाळा आहेत आणि शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेने तर प्रवेशासाठी रांग लागू शकते हे दाखवून दिलंय. ‘झेडपीची शाळा’ म्हणून न बघताच तिच्यावर फुली मारणाऱ्यांनी एकदा तिथे डोकावून यावं.

शाळा दाखवणाऱ्या ताई स्मार्ट बोर्ड, रोबोटिक्सची खोली, टर्फ दाखवतात. पहिलीच्या मुलांचं स्वच्छतागृह दाखवा म्हटलं, की चाल मंदावते. तिथे पाणी आहे का, दाराची कडी मुलाच्या हाताला पोचते का, कोपऱ्यात साबण आहे का? दिवसभर लघवी दाबून घरी येणाऱ्या मुलांच्या आयांना या प्रश्नाचं मोल कळतं.

ज्यांना घाई नाही, त्यांनी त्या भागात आधी अकरा महिने भाड्याने राहावं. करार अकरा महिन्यांचाच असला, तरी १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार त्याची नोंदणी सक्तीची आहे, ती टाळू नये. पुढे पत्त्याच्या पुराव्याला तीच कामाला येते. एक पावसाळा आणि एक मे महिना पाहिला, की परिसराचे सगळे गुण-अवगुण कळतात. दोनदा सामान हलवावं लागतं हे खरं, पण चुकीच्या घराच्या वीस वर्षांच्या हप्त्यापुढे टेम्पोचं भाडं काहीच नाही.

मूल आधीच शाळेत असेल, तर हलवायची वेळही बघावी. सीबीएसईच्या शाळा एप्रिलमध्ये सुरू होतात, राज्य मंडळाच्या जूनच्या मध्याला. जुनी शाळा दाखला द्यायला खळखळ करत असेल, तर शिक्षण हक्क कायद्याचं पाचवं कलम दाखवावं. मुख्याध्यापकाने दाखला ताबडतोब द्यायचा असतो आणि तो उशिरा आला म्हणून नवी सरकारी किंवा अनुदानित शाळा प्रवेश अडवू शकत नाही. मुलाची सरकारी पोर्टलवरची नोंद जुन्या शाळेने नव्या शाळेकडे वळती केली ना, हेही विचारून घ्यावं. नाही तर मूल नव्या वर्गात बसलेलं असतं आणि नाव जुन्याच पटावर राहतं.

आणि टोकन देण्याआधी एवढं करा. सोमवारी सकाळी शाळा भरायच्या वेळी मुलाला घेऊन त्या घरापासून त्या शाळेपर्यंत जा. तेही शक्यतो पाऊस पडत असताना.