नौकेसाठी नवी बॅटरी निवडताना

मच्छिमार नौकेवरील बॅटरी निकामी झाली, की नाखवा बहुधा त्याच मापाची दुसरी घेऊन येतो. ती पेटीत नेमकी बसते, एंजिनही तत्काळ सुरू होते. परंतु काही महिन्यांनी, जाळे टाकून रात्री नौका उभी असताना, दिवे मंदावू लागतात. पहाटे एंजिन सुरू करू गेल्यास ते दाद देत नाही. वारा नौकेला खडकांकडे लोटत असेल, तर प्रसंग जिवावर बेततो. हा दोष पुष्कळदा बॅटरीचा नसून निवडीचा असतो.

शिशाचा संचायक घट गास्ताँ प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली तयार केला. सौम्य गंधकाम्लात बुडविलेल्या शिशाच्या व शिशाच्या डायॉक्साइडाच्या पट्टिका, ही त्याची रचना मूलतः आजही तीच आहे. एका घटाचा दाब सुमारे २ व्होल्ट. असे सहा घट जोडले म्हणजे १२ व्होल्टांची बॅटरी होते. (बॅटरी हा शब्द वस्तुतः समूहवाचकच आहे.) भेद आहे तो पट्टिकांच्या जाडीत. एंजिन सुरू करताना काही क्षण शेकडो अँपिअर प्रवाह लागतो. त्यासाठी पट्टिका पातळ व पुष्कळ ठेवतात, म्हणजे आम्लाशी संपर्क येणारा पृष्ठभाग वाढतो. दिव्यांना मात्र थोडाच प्रवाह, पण रात्रभर हवा. तेथे जाड पट्टिका टिकतात. पातळ पट्टिका वारंवार खोलवर रिकाम्या केल्या, तर त्यांवरील क्रियाशील द्रव्य झडून तळाशी साचते. यास्तव दोन कामांस दोन बॅटऱ्या असाव्यात, आणि दिव्यांनी एंजिनाचा वाटा खाऊ नये अशी त्यांची जोडणी असावी.

दिव्यांची बॅटरी केवढी घ्यावी, हे हिशेबाने ठरवावे. समजा, मार्गदीपांस २ अँपिअर, खोली मोजणाऱ्या प्रतिध्वनियंत्रास १ आणि बिनतारी संचास ऐकताना अर्धा अँपिअर लागतो. दहा तासांत ३५ अँपिअर-तास झाले. संचावर बोलताना लागणारा जादा प्रवाह धरून ४० म्हणू. शिशाची बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी करू नये, म्हणून ८०. आणि वयोमानाने शक्ती घटते, म्हणून १०० अँपिअर-तासांची घ्यावी.

लिथियम-लोह-फॉस्फेटाची बॅटरी वजनाने पुष्कळ हलकी असते व अधिक खोलवर रिकामी करता येते. केरळात वैक्कम येथे २०१७ साली सुरू झालेली ‘आदित्य’ ही सौर प्रवासी नौका लिथियम बॅटऱ्यांवरच चालते. तथापि, जुन्या प्रभारण-यंत्रणेवर ती तशीच जोडू नये. तिचे संरक्षक मंडल प्रवाह एकाएकी तोडते, आणि त्या धक्क्याने एंजिनावरील आल्टरनेटर बिघडू शकतो. किंमत ऐकून पुष्कळ नाखवे शिशाकडेच परततात, आणि छोट्या नौकेपुरते त्यांचे चुकते असेही नाही.

शिशाची बॅटरी प्रभारित होताना हायड्रोजन वायू सुटतो. हवेत त्याचे प्रमाण सुमारे ४ टक्के झाले, की एक ठिणगी स्फोटास पुरते. म्हणून पेटीला वरच्या अंगास वायुमार्ग हवा. आम्लात खारे पाणी शिरल्यास विषारी क्लोरीन निर्माण होऊ शकतो. यासाठी बॅटरी तळच्या पाण्यापासून उंच व घट्ट बांधलेली असावी. डोलणाऱ्या नौकेवर आम्ल न सांडणारी, काचतंतूंत ते शोषून धरणारी बंद बॅटरी सोयीची पडते.

जुन्या बॅटरीला नवी समांतर जोडून काटकसर करू नये. दुबळी सबळेलाही ओढून नेते. विकत घेताना व्होल्टमापक लावून पाहावा. पूर्ण प्रभारित व स्वस्थ बॅटरी १२.७ व्होल्टांच्या आसपास दाखविते. काटा १२.४ च्या खाली असेल, तर ती फळीवर बरेच दिवस पडून होती असे समजून दुसरी मागावी.