पाणी क्षाराचं, तरी अंड्याचं कवच पातळ का?

पाली हे बीडजवळचं बिंदुसरा धरणाचं गाव. पण धरण आटलं की इथेही भिस्त बोअरवरच. बोअरच्या जड पाण्याने भांड्यावर पांढरा थर बसतो. तो बघून कोंबड्या पाळणाऱ्याला वाटतं, चुना पाण्यातूनच मिळतोय, वेगळं कॅल्शियम कशाला?

हिशेब मांडून पाहा. लिटरला 200 मिलिग्रॅम कॅल्शियम असलेलं पाणी चांगलंच जड म्हणायचं. अंड्यावरची कोंबडी दिवसाला पाव लिटर पिते, म्हणजे तिला 50 मिलिग्रॅम मिळालं. गरज आहे 4 ग्रॅमच्या आसपास. त्यातलं दोनेक ग्रॅम एका कवचातच जातं. पाण्यातून भागतो तो गरजेचा ऐंशीवा हिस्सा.

मग चुनखडीची पूड वाढवा, असा सल्ला मिळतो. तोही अर्धवटच. कवच तयार व्हायला वीसेक तास लागतात आणि त्यातलं बरंचसं काम रात्री चालतं, कोंबडी काही खात नसते तेव्हा. बारीक पूड तोवर पोटातून पुढे गेलेली असते, आणि कोंबडी स्वतःची हाडं झिजवून कवच बनवते. म्हणून संध्याकाळच्या खाद्यात शिंपल्याचे किंवा चुनखडीचे 2 ते 4 मिलिमीटरचे खडे हवेत. ते पेट्यात रात्रभर हळूहळू विरघळत राहतात.

मे महिन्यातली पातळ अंडी मात्र निराळी. पारा चाळिशीपार गेला की कोंबडी चोच उघडून धापा टाकते. त्यात रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि कवचाला लागणारा कार्बोनेट कमी पडतो. तिथे आधी सावली आणि गार पाणी द्या. खाद्य पहाटे आणि ऊन कललं की घाला.

कॅल्शियमच्या जोडीला फॉस्फरसही लागतो. बाजरी-सोयाबीनमध्ये तो भरपूर असतो हे खरं, पण त्यातला साधारण दोन तृतीयांश फायटेटच्या रूपात अडकलेला असतो आणि कोंबडीला तो फारसा पचत नाही. त्यासाठीच खाद्यात डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) किंवा फायटेट फोडणारं फायटेज घालतात.

सगळ्यात महाग पडतो तो ‘लेअरचं (अंड्यावरच्या कोंबडीचं) खाद्य पिल्लांनाही चालतं’ हा समज. पिल्लांना कॅल्शियम 1 टक्क्याच्या आसपास पुरतं. लेअरच्या खाद्यात ते साडेतीन-चार टक्के असतं. त्याने पिल्लांची मूत्रपिंडं निकामी होतात. मेलेलं पिल्लू उघडलं तर हृदयावर आणि यकृतावर खडूची भुकटी उडवल्यासारखा पांढरा थर दिसतो. लहानमोठे पक्षी एकत्र असतील तर सगळ्यांना तलंगांचं खाद्य द्या आणि शिंपला वेगळ्या भांड्यात, पिल्लांची चोच पोहोचणार नाही अशा उंचीवर ठेवा. अंड्यावरची कोंबडी हवा तेवढा स्वतःच उचलते.