नळीच्या तोंडावरचा ब्रेक

भुसावळहून वरणगावच्या रस्त्याला लागले की दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या दुरूनच दिसू लागतात. त्याच रस्त्याने पुढे गेले की वरणगावची आयुध निर्माणी येते. १९६४ मध्ये सुरू झालेल्या या निर्माणीत लष्करासाठी ५.५६ आणि ७.६२ मिलिमीटरची काडतुसे तयार होतात. १ ऑक्टोबर २०२१ पासून ती पुण्यात मुख्यालय असलेल्या ‘म्युनिशन्स इंडिया लिमिटेड’ या सरकारी कंपनीचा भाग आहे. दीपनगरात वाफ कामाला लावतात, वरणगावात दारू काडतुसात भरतात. या दोन्ही ठिकाणांचे शास्त्र मुठीत मावणाऱ्या एका पोलादी तुकड्यात एकत्र येते. रायफलच्या नळीच्या तोंडावर बसणाऱ्या या तुकड्याला मझल ब्रेक म्हणतात.

गोळी पुढे गेली म्हणून बंदूक मागे येते, हे शाळेत शिकवतात. ते खरे असले तरी अपुरे आहे. ७.६२ × ५१ च्या काडतुसात गोळी साधारण साडेनऊ ग्रॅमची असते आणि ती सेकंदाला सुमारे ८३० मीटर वेगाने निघते. तिच्यामागे जवळपास तीन ग्रॅम दारू असते. जळून तिचा वायू झाला तरी वजन तेवढेच राहते, आणि हा वायू नळीबाहेर पडताना गोळीपेक्षाही वेगवान असतो. त्याचा सरासरी वेग सेकंदाला बाराशे मीटरच्या पुढे धरतात. वजनाला वेगाने गुणून हिशेब मांडला, तर खांद्यावर येणाऱ्या धक्क्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा गोळीचा नसून वायूचा निघतो. इन्सास रायफलच्या ५.५६ च्या काडतुसात गोळी चार ग्रॅमची, दारू पावणेदोन ग्रॅमच्या आसपास. तिथे एकूण धक्का ७.६२ च्या निम्म्यावर येतो, पण वायूचा हिस्सा तिसऱ्या भागाहून थोडा जास्तच भरतो.

मझल ब्रेकची सारी करामत या वायूच्या हिश्शापुरती आहे. गोळीचा हिस्सा कमी करणे कोणत्याही ब्रेकच्या हाती नाही. ती बाहेर पडेपर्यंत तिचा धक्का बंदुकीला बसून गेलेला असतो. मागून येणारा वायू मात्र वळवता येतो. दीपनगरच्या टर्बाइनमध्ये हेच घडते. वेगाने आलेली वाफ वक्र पात्यांवर दिशा बदलते, ती बदलताना पात्याला ढकलते आणि रोटर मिनिटाला ३००० फेरे घेतो. ब्रेकमध्ये पुढे धावणारा वायू आडव्या पडद्यांवर आदळून बाजूच्या खाचांतून बाहेर पडतो. तो पडद्याला पुढे ढकलतो, आणि पडदा नळीला घट्ट जोडलेला असल्यामुळे मागे येणारी सगळी रायफल पुढे ओढली जाते.

समजा, सगळा वायू बरोबर काटकोनात वळवता आला. मग ७.६२ च्या रायफलचा मागे येण्याचा वेग एक तृतीयांशाने घटेल. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्याने खांद्यावरची ऊर्जा निम्म्याच्याही खाली येईल. प्रत्यक्षात बराच वायू गोळीच्या वाटेनेच निसटतो. अर्धा वायू वळला, तरी ऊर्जा तीस टक्क्यांनी कमी होते.

असा ब्रेक जवळून पाहिला, तर प्रत्येक खाचेमागचा विचार दिसतो. मधले भोक गोळीपेक्षा थोडेसेच मोठे असते. ते फार मोठे ठेवले तर वायू सरळ निघून जातो; फार लहान ठेवले, किंवा ब्रेक नळीच्या अक्षाशी तंतोतंत जुळला नाही, तर गोळीच त्याला घासते. ही भीती पुस्तकी नाही. २०१७ मध्ये पोखरणच्या चाचण्यांत धनुष तोफेचा गोळा तिच्या मझल ब्रेकला धडकला होता. पडद्यांत पहिला सर्वांत जास्त काम करतो. पुढच्या प्रत्येकाच्या वाट्याला उरलेलाच वायू येतो, म्हणून पडदे वाढवत नेले तरी फायदा त्या प्रमाणात वाढत नाही. खाचा मागे झुकवल्या की ओढ वाढते, पण वायूचा झोत नेमबाजाकडे येऊ लागतो.

तोंड वर उचलले जाण्याचा प्रश्न वेगळा आहे. नळीची रेषा सहसा दस्ता खांद्याला टेकतो त्या जागेच्या वर असते. त्यामुळे मागे येणारा धक्का रायफलला फिरवतोही. त्यावर उपाय म्हणजे वरच्या अंगाला जास्त खाचा ठेवणे. वर सुटलेला वायू तोंडाला खाली दाबतो. एकेएम रायफलच्या नळीवरचा तिरका कापलेला तुकडा याच कामाचा आहे. खालच्या बाजूला खाचा बहुधा ठेवतच नाहीत. त्या तोंड आणखी उचलतील, शिवाय झोपून गोळी झाडणाऱ्यासमोर धुळीचा लोट उठेल. उन्हाळ्यात भेगाळलेल्या खानदेशच्या काळ्या जमिनीवर असा लोट जवानाची जागा लगेच उघडी पाडेल.

या सोयीची किंमत कानांना मोजावी लागते. पुढे जाणारा स्फोटाचा आवाज ब्रेक बाजूला आणि मागे वळवतो. स्वतःच्या खांद्याचा भार हलका होतो आणि शेजारी झोपलेल्या सोबत्याच्या कानावर तो पडतो. रायफलचा आवाज मुळातच ऐकू येण्याची शक्ती कायमची कमी करू शकतो, त्यामुळे याकडे डोळेझाक करणे मला मान्य नाही. इन्सासच्या तोंडाशी पूर्ण ब्रेक नाही, ज्वाळा लपवणारा फ्लॅश हायडर आहे. तुकडीने खांद्याला खांदा लावून वापरायच्या हलक्या धक्क्याच्या रायफलला तेच योग्य. याउलट तिरुचिरापल्लीच्या निर्माणीतील विध्वंसक ही अवजड रायफल ब्रेकशिवाय माणसाच्या खांद्याला पेलणार नाही. पुण्याच्या एआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेने विकसित केलेल्या १५५ मिलिमीटरच्या एटॅग्स तोफेलाही मझल ब्रेक आहेच.

दुसऱ्या टोकाला ऑलिंपिकची रायफल आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवले. त्या प्रकारात मझल ब्रेकला नियमानेच बंदी आहे. तिथे त्याचा उपयोगही नगण्य ठरला असता. पॉइंट टू टूच्या काडतुसात दारू ग्रॅमच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास आणि रायफल आठ किलोपर्यंत जड. वळवायला वायूच फारसा नाही.

म्हणून ब्रेकचा आराखडा नळीपाशी सुरू होत नाही, काडतुसापाशी सुरू होतो. दारू किती, गोळी किती जड, बंदूक किती वजनाची आणि शेजारी कोण, या चार गोष्टी ठरल्या की खाचांची जागा आपोआप ठरत जाते. वरणगावात काडतुसात नेमकी दारू भरणाऱ्या कामगाराचा हात या हिशेबात पहिला असतो. काडतुसागणिक दारू कमी-जास्त झाली, तर धक्काही गोळीगणिक बदलेल आणि कितीही कसून बनवलेला ब्रेक तो सावरू शकणार नाही. जवानाची दुसरी गोळी पहिलीच्या जवळ लागते, त्याचे श्रेय या कामगारांनाही मोकळेपणाने द्यायला हवे.