धुरातला सोडा

नोव्हेंबर २०२१ मध्ये, ग्लासगोची हवामान परिषद चालू असताना, एक्सप्राइझ कार्बन रिमूव्हल स्पर्धेची विद्यार्थी बक्षिसं जाहीर झाली. त्यांत पवईच्या आयआयटीचा संघ होता: श्रीनाथ अय्यर, अन्वेषा बॅनर्जी, सृष्टी भामरे आणि शुभम कुमार. मार्गदर्शक प्रा. अर्णब दत्ता आणि प्रा. विक्रम विशाल. बक्षीस २,५०,००० डॉलरचं. कल्पना अशी की कार्बन डायऑक्साइड जिथे निघतो तिथेच पकडायचा आणि त्याचे उद्योगांना लागणारे क्षार करायचे. पुढे पवईतच केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या मदतीने या विषयाचं राष्ट्रीय उत्कृष्टता केंद्र उभं राहिलं.

'निघतो तिथेच' हे महत्त्वाचं. मोकळ्या हवेत हा वायू दहा लाखांत सुमारे ४२० भाग. बारा डब्यांच्या रिकाम्या कल्याण लोकलमध्ये मावणाऱ्या हवेत तो जेमतेम दीड-पावणेदोन किलो भरेल. तेवढ्यासाठी गाडीभर हवा पंख्यांनी ओढून गाळायची! कोळशाच्या बॉयलरच्या धुरात तोच शेकडा १० ते १५ असतो. म्हणून डोंबिवली एमआयडीसीच्या फेज १, फेज २ मधली धुराडी मला या कामाची खरी जागा वाटते.

रसायन सोपं आहे. कॉस्टिक सोड्याच्या द्रावणातून धूर सोडला की त्यातला वायू विरघळतो आणि साबण, काच कारखान्यांना लागणारी सोडा ॲश मिळते. ४४ किलो वायूला ८० किलो कॉस्टिक, हाती १०६ किलो सोडा ॲश. अडचण कॉस्टिकची आहे. ते मिठाच्या पाण्यात वीज सोडून बनतं, आणि ती वीज कोळशाची असेल तर पकडला त्याहून जास्त वायू वीजकेंद्रात सुटू शकतो. त्याऐवजी पोलाद कारखान्याच्या स्लॅगमधलं, म्हणजे मळीतलं, कॅल्शियम वापरून कॅल्शियम कार्बोनेट करणं मला जास्त पटतं. ते आधीच टाकाऊ म्हणून पडलेलं असतं.

दुसरा प्रश्न माल जातो कुठे हा. खाण्याच्या सोड्यावर लिंबू पिळलं की फसफसून वर येतो तो हाच वायू. तसंच आम्लयुक्त सांडपाणी उदासीन करायला सोडा ॲश ओतली, तर पकडलेलं सगळं तिथेच सुटतं. अलिबागजवळ थळला आरसीएफ ही खत कंपनी युरिया करते. ४५ किलोच्या एका गोणीत ३३ किलो कार्बन डायऑक्साइड बांधलेला असतो, पण शेतात युरिया फुटला की तोही मोकळा होतो. रंगात किंवा पीव्हीसी पाइपात फिलर म्हणून गेलेलं कॅल्शियम कार्बोनेट मात्र हा वायू वर्षानुवर्षं सोडत नाही, आणि रंग-प्लॅस्टिकचे कारखाने डोंबिवली-अंबरनाथ पट्ट्यातच आहेत.