रायमुनिया : जंगल बिघडवणारी, की बिघडलेल्या जंगलात शिरणारी?

चिखलदऱ्याच्या घाटात किंवा अकोला जिल्ह्यातल्या नरनाळ्याच्या वाटेवर पिवळ्या-गुलाबी फुलांची काटेरी झुडपं दिसतात. ती रायमुनिया, इतरत्र तिलाच घाणेरी किंवा टणटणी म्हणतात. ओळखीची असली तरी ती मूळची अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचं झाड म्हणून ती कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आली. पुढचं काम पक्ष्यांनी केलं. बुलबुल तिची काळी फळं खातात आणि बिया दूरवर टाकतात.

आता समजा, तुम्ही मेळघाटात चौकटी आखून मोजणी केली. रायमुनिया असलेल्या चौकटीत गवत आणि झाडांची रोपं कमी भरली. लगेच लिहायचं का, की ‘रायमुनियामुळे गवत कमी झालं’? थांबा!

याचे दोन अर्थ निघतात. एक, तिची दाट सावली आणि पानांतली रसायनं इतरांना उगवू देत नाहीत. दुसरा, आधी तोड, वणवा किंवा अतिचराई झाली, गवत खचलं, वरचं छत्र विरळ होऊन ऊन खाली आलं आणि मग ही शिरली. पहिल्यात ती कारण, दुसऱ्यात नुसती सोबतीण. गंमत अशी की दोन्हींत आकडे सारखेच येतील.

मॅकडुगल आणि टर्किंग्टन यांनी कॅनडाच्या व्हँकुव्हर बेटावर परदेशी गवतांबद्दल हाच प्रश्न विचारला. त्यांनी गवतं काढून पाहिली. 2005 च्या त्यांच्या निबंधानुसार ती बरीचशी सोबतीणच निघाली. म्हणून रायमुनियाही तशीच, असं मात्र नाही. घ्यायची ती पद्धत.

म्हणजे सारख्या चौकटींच्या जोड्या करा. कुठल्या चौकटीतली रायमुनिया काढायची, ते चिठ्ठी टाकून ठरवा. काढण्याआधीही मोजा. वरवर छाटली तर ती पुन्हा फुटते, म्हणून मुळाच्या गड्ड्याखालून तोडा. ऊन आणि चराईची नोंद ठेवा, काही जोड्यांना कुंपण घाला. काढताना माती उकरली जाते, त्याचाही परिणाम होतो. म्हणून काही चौकटींत नुसतीच माती उकरा.

गवत परतलं, तर तीच त्याला रोखत होती. नाही परतलं, तर? घाई नको. मातीत गवताचं बी उरलंच नसेल, हीसुद्धा शक्यता आहे. काही चौकटींत बी पेरून तीही तपासा.

हा नुसता शब्दांचा खेळ नाही. चितळांचा चारा आणि कोरकू गावांतली गुरं याच गवतावर आहेत. ती सोबतीण असेल आणि आपण फक्त तिलाच उपटत राहिलो, तर छत्र विरळच राहील आणि दोन-चार पावसाळ्यांत ती पुन्हा उभी होईल. म्हणून प्रबंधात ‘मुळे’ हा शब्द लिहिण्याआधी एकदा विचारा : हे मी मोजलंय, की मानलंय?