हजीरा : स्लॅगच्या ढिगातून निघालेला रस्ता

नागपूर, अमरावती, अकोला, जळगाव, धुळे अशी गावे घेत आलेला राष्ट्रीय महामार्ग ५३, म्हणजे लोकांच्या तोंडातला जुना ‘सहा नंबर’, सुरत ओलांडून हजीऱ्यात संपतो. भुसावळवरून वाहत आलेली तापीही इथेच खंबातच्या आखाताला मिळते. सुरतच्या लिंबायत-उधन्यात खानदेशी माणसांच्या वस्त्याच्या वस्त्या आहेत. तेव्हा गुजरातेत असला तरी हजीरा आपल्याला तसा परका नाही.

मोठी गलबते तापीतून सुरतेपर्यंत जात नसत. ती शेजारच्या सुवाळीला नांगर टाकत. याच पाण्यात १६१२ साली कॅप्टन बेस्टच्या इंग्रजी जहाजांनी पोर्तुगीजांना हटवले आणि इंग्रजांची सुरतेतली वखार पक्की झाली. सध्याचा हजीरा मात्र गेल्या चाळीस वर्षांतला. समुद्रातला वायू इथे किनाऱ्याला लागला, त्याच्यामागोमाग ओएनजीसी, कृभको, रिलायन्स, एस्सारचा पोलाद कारखाना, शेलचे एलएनजी टर्मिनल आणि अदानींचे बंदर आले. समुद्र, खाडी आणि चिमण्या यांच्या मध्ये गावे उरली.

पोलाद म्हटले की स्लॅग आलाच. एक टन पोलादामागे साधारण दोनशे किलो. भट्टीतल्या वितळलेल्या धातूवर हा मळ तरंगतो. तो ओतून काढतात, आवारात पसरून पाण्याने थंड करतात. वर्षानुवर्षे त्याचे डोंगर साचत जातात. जागा अडते, धूळ उडते, आणि पावसाचे पाणी त्यातून झिरपत कुठे जाते याची काळजी लागते.

या ढिगातून २०२२ मध्ये एक रस्ता निघाला. दिल्लीच्या केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेने आर्सेलर मित्तल निप्पॉन स्टीलबरोबर (एस्सारचा कारखाना डिसेंबर २०१९ पासून त्यांच्याकडे आहे) हजीरा औद्योगिक पट्ट्यात किलोमीटरभराचा सहापदरी रस्ता बांधला. सुमारे एक लाख टन प्रक्रिया केलेला स्लॅग त्यात गेला, डोंगर फोडून आणलेली खडी नाही. तरीही रस्त्याची जाडी नेहमीपेक्षा तीसेक टक्के कमी ठेवता आली. रोज हजारभर अवजड गाड्या त्यावरून जातात.

ढीग उचलला आणि रस्त्यात टाकला, इतके हे सोपे नाही. आधी चुंबकाने उरलेले लोखंड काढतात, मग क्रशरमध्ये मापाची खडी पाडतात. खरी मेख पुढे आहे. स्लॅगमध्ये मोकळा चुना असतो. चुन्याची कळी पाण्यात टाकली की फुलते. तसा तो पावसाळ्यात रस्त्याखाली फुलला तर वरचे डांबर उचलून धरेल. म्हणून त्याला आधीच पाणी देऊन, हवेत ठेवून, त्याची फुगण्याची हौस भागवून घ्यावी लागते. मात्र माल दगडापेक्षा जड. लांब नेला तर ट्रकभाड्यातच बचत संपते. म्हणजे कारखान्याच्या पंचक्रोशीतच त्याला खरी किंमत.

आता थोडे रोखठोक. ढीग हलला, पण रस्त्यावर गर्दी कारखान्यांच्याच गाड्यांची. गावाच्या वाट्याला काय आले? इथल्या मच्छीमारांनी बंदराच्या भरावामुळे धंदा बुडाल्याची तक्रार हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठापुढे नेली होती. २०१६ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. खडी करून विकता येईल असा कचरा उचलायला गिऱ्हाईक मिळते. मातीत आणि भूजलात मुरलेल्या विषाला गिऱ्हाईक नसते. तिथे कोणाला तरी पदरमोडच करावी लागते. देशात अशा दूषित म्हणून नोंदलेल्या जागा १०३, आणि त्यांच्यासाठीचे नियम आले तेव्हा सफाई सुरू झालेल्या अवघ्या सात. दूषित जागा शोधून, जबाबदार कोण ते ठरवून, त्याच्याकडून खर्च वसूल करण्याचे हे नियम केंद्राने काढले २०२५ च्या जुलैमध्ये. भोपाळच्या युनियन कार्बाइडच्या आवारातला ३३७ टन कचरा पिथमपूरला न्यायलाच २०२५ चा जानेवारी उजाडला होता. दुर्घटना १९८४ ची. त्या मानाने हजीऱ्याचे जमेचे अंग एवढेच की इथले कारखाने चालू आहेत, मालक जागेवर आहेत, हिशेब मागायचा तर पत्ता शोधावा लागत नाही.

हजीऱ्याचा धडा महाराष्ट्रातही गिरवला गेला. पेण तालुक्यातल्या डोलवीच्या जेएसडब्ल्यू कारखान्याचा सुमारे ८० हजार टन स्लॅग खडी करून मुंबई-गोवा महामार्गावर पनवेल-इंदापूर टप्प्यात वापरला. किलोमीटरभराचा तो भाग जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला. हजीऱ्यात ट्रेलर धावतात. इथे गणपतीला गावी निघालेल्या एसट्या. त्या महामार्गाचे एकूण रडगाणे कोकणी माणसाला सांगायला नको, पण निदान हा एक किलोमीटर किती पावसाळे टिकतो ते त्याला स्वतःच मोजता येईल.