जाताना दोन तास, येताना अडीच

शाळेत नावेचं एक गणित असायचं. नाव प्रवाहाबरोबर इतक्या वेळात जाते, उलट यायला इतका वेळ लागतो, तर प्रवाहाचा वेग किती? ते मला कधी सुटलं नाही. गेल्या डिसेंबरात मुंबई-कोलकाता जाऊन आलो, तेव्हा खिडकीशेजारी वही घेऊन बसलो.

दोन्ही विमानतळांमधलं सरळ अंतर सुमारे 1,660 किलोमीटर. तिकिटावर जायला 2 तास 40 मिनिटं आणि यायला 3 तास. या वेळेला विमानवाले ब्लॉक टाइम म्हणतात. चाकांचे अडसर काढून विमान जागेवरून हललं की ती सुरू होते, आणि तिकडे पुन्हा अडसर लागले की संपते. प्रत्यक्ष उडणं हा तिचा एक भाग.

दुपारी 2.46 ला आम्ही हललो. सहा मिनिटं उशिरा. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवर एकदम कामं चालत नाहीत. पुढे पाच विमानं उभी. 3.09 ला चाकं सुटली, तीही पश्चिमेला, समुद्रावर! वाऱ्याकडे तोंड करून उडायचं म्हणून. ठाण्याला निघालेल्याने आधी चौपाटी गाठावी तसं. मग वळसा घेऊन पुन्हा किनारा.

फोन काचेला टेकवला. जीपीएसवर ताशी 940 किलोमीटर. हे विमान हवेतून साधारण 830-840 ने जातं. वरचे शंभर वाऱ्याचे. हिवाळ्यात उंचावरचा पश्चिमेचा झोत दक्षिणेला सरकतो. त्याचा गाभा हिमालयाच्या अंगाने वाहतो, पण कडेचं वारंही आम्हाला ढकलायला पुरेसं होतं.

डाव्या हाताला नागपूर असणार. 1949 मध्ये रात्रीची हवाई टपाल सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि मद्रासची विमानं मध्यरात्री नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर जमायची, पोती बदलायची आणि आपापल्या गावी परतायची. देशाचा मध्य पाहायचा तर खरं तिथे, त्या पोत्यांपाशी.

पुढे अंधारायला लागलं. घड्याळ दोन्हीकडे एकच, पण कोलकात्याचा सूर्य मुंबईच्या तासभर पुढे. दमदमची धावपट्टी दक्षिणोत्तर, म्हणून पश्चिमेकडून आल्यावरही वळावं लागलंच. 5.10 ला उतरलो, 5.18 ला थांबलो. उशिरा निघूनही दोन मिनिटं आधी.

परतताना तोच फोन, तशीच काच, आकडा 730. हवेत 2 तास 34 मिनिटं. जाताना 2 तास 1 मिनिट. वहीत आकडेमोड केली: वारा नसता तर जाऊन-येऊन चारेक मिनिटं कमी लागली असती. जाताना वाऱ्याने दिलेलं येताना तो व्याजासकट घेतो, कारण उलट्या वाऱ्यात आपण जास्त वेळ असतो. गुरुजींनी हे सांगितलं असणार, मी ऐकलं नसेन.

मुंबईत 2.04 ला थांबलो. वेळेआधी एक मिनिट पोचल्याची घोषणा झाली. सगळे बॅगा काढून उभे राहिले. दार उघडलं 2.17 ला.